पितृपक्षातलं किट

शशिधर खांबेटे आठवड्याचे पाच दिवस लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्रामचं वेळापत्रक बसवायचा आणि उरलेले दोन दिवस माणसांचं. कुठली ट्राम कधी वळणावर असेल हे त्याला ऑफिसात तोंडपाठ असे, आणि कुणाच्या मुलाची मुंज कुठल्या शनिवारी लागेल, कुणाच्या घराची शांत कुठल्या रविवारी करायची, हे घरी. ऑफिसात त्याला ‘शाश’ म्हणत. मराठी मंडळींत तो ‘गुरुजी’ होता. क्रॉयडनपासून मेडनहेडपर्यंत कुणी नवीन गाडी घेतली, तरी किल्ली हातात यायच्या आधी शशिधरला मेसेज जायचा.

खरा गुरुजी तो नव्हताच. त्याची बायको सुहासिनी भूलतज्ज्ञ. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून तो तिच्यामागून आला होता. पहिल्याच हिवाळ्यात एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. पूजा सांगणारे गुरुजी लेस्टरहून यायचे होते, ते बर्फामुळे मोटरवेवर अडकून पडले. चौरंग मांडलेला, शिरा गार होत चाललेला आणि सोवळं नेसलेले यजमान रेडिएटरला पाठ लावून उभे. कुणीतरी म्हणालं, शशिधर, तुझे वडील मिरजेत पूजा सांगायचे ना? सांगायचे. पोस्टातली नोकरी सांभाळून हौसेने सांगायचे, आणि ऐकून ऐकून शशिधरलाही सगळं येत होतं. तो पाटावर बसला, तोंड उघडलं आणि आतून वडिलांचा आवाज निघाला. स्वतःचं घर समजून आत शिरावं आणि आत वडील बसलेले असावेत, तसं त्याला झालं. त्या पाटावरून तो अजून उठलेला नाही, असं सुहासिनी म्हणायची.

इथल्या गुरुजीपणाच्या काही युक्त्या त्याने स्वतः शोधून काढल्या होत्या. होमाच्या आधी घरातल्या सगळ्या स्मोक अलार्मना शॉवर कॅप घालायची. आंब्याचा डहाळा मिळाला नाही तर शेजाऱ्याच्या कुंपणाची लॉरेलची पानं घ्यायची, मात्र विचारून. आणि पुण्याचं पंचांग जसंच्या तसं वापरायचं नाही, कारण सूर्य इथे वेगळ्या वेळी उगवतो आणि तिथी त्याच्या मागून चालते. दरवर्षी तो इथल्या सूर्योदयाप्रमाणे तिथ्या काढून ओळखीच्या घरांना पाठवी. पुण्याच्या आत्याने फोनवर सांगितलेली चतुर्थी आणि शशिधरची चतुर्थी यांचं पटलं नाही, तर या भागात शशिधरची चतुर्थी जिंकायची.

सगळ्यांच्या सगळ्या कामांना वेळ काढून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या एका कामाला मात्र मुहूर्त सापडत नव्हता.

ते काम श्रावणात पोस्टाने आलं. लेटरबॉक्समधून आत पडेल इतकं चपटं पाकीट. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला सरकारकडून दर दोन वर्षांनी येतं तेच, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट. आत बोटाएवढी बाटली, तिच्या टोपणालाच जोडलेली काडी आणि तिकीट न लावता परत पाठवायचं पाकीट. शौचाचा कणभर नमुना काडीला लावायचा, काडी बाटलीत खुपसून टोपण घट्ट करायचं, तारीख घालायची आणि पोस्टात टाकायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असेल तर प्रयोगशाळेत कळतं. सगळं मिळून दात घासण्याइतकं काम.

पाकीट उचलून आणलं त्याच्या मुलीने. कस्तुरी इथेच जन्मली, इथेच एका प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग रिकाम्या ट्राममधल्या प्रवाशांसारखं जिथे जागा दिसेल तिथे बसतं.

“बाबा, तुझी किट आला,” ती म्हणाली. “आईने तर सेम डे केली होती.”

शशिधरने ते दोन बोटांत धरून गॅरेजमध्ये नेलं आणि समिधांच्या खोक्यामागे ठेवलं. असली वस्तू घरात नको, असं त्याचं म्हणणं. वरची बाथरूम नेमकी देवघराच्या डोक्यावर येते, हेही म्हणणं. दोन वर्षांपूर्वीचं किट असंच खोक्यामागे राहिलं होतं आणि गणपतीच्या साफसफाईत मुदत उलटून कचऱ्यात गेलं होतं.

सुहासिनी अधूनमधून आठवण करायची. श्रावणात त्याने सांगितलं, लागोपाठ सत्यनारायण आहेत, सोवळ्याचे दिवस आहेत. गणपतीत सांगितलं, घरात मूर्ती आहे. मूर्ती गेल्यावर सांगितलं, आता पितृपक्ष लागेल, पितृपक्षात कुणी नवीन काही सुरू करतं का? त्याच्यापुढे नवरात्र होतंच. हिंदू कालगणनेत मोकळा आठवडा शोधून काढणं अवघड आहे हे सुहासिनीला मान्य होतं, पण इतकं अवघड असेल असं तिला वाटत नव्हतं.

“मला होतंय काय?” तो म्हणायचा. “पोट घड्याळासारखं चालतं.”

“काही होत नसतानाच करायची असते ती. काही व्हायला लागलं की पोस्टाची वाट बघायची नसते, सरळ डॉक्टरकडे जायचं असतं.”

एवढं बोलून ती गप्प बसे. ते गप्प बसणं शशिधरला बोलण्यापेक्षा जड जाई, कारण त्यात काय आहे ते त्याला माहीत होतं. 

त्याचे वडील, अण्णा, गेले तेव्हा साठीचे होते. वर्षभर त्यांना रक्त जात होतं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की मूळव्याध आहे. मूळव्याधीवर सुरण चांगला म्हणून आई सुरणाची भाजी करायची, मग सुरणाचे काप, मग नुसता उकडलेला सुरण आणि ताक. अण्णा निमूटपणे खायचे. पोस्टात बसायला गादी न्यायला लागले, वजन उतरलं, धोतराचा कासोटा दोनदा खोचायला लागला. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा सर्जनने पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवून टाकलं. त्यानंतर घरात कुणी त्या आजाराचं नाव घेतलं नाही. अण्णांचं ‘पोटाचं झालं’ असं म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली यायचा. शशिधर आता अठ्ठावन्नचा होता. सोवळं, पितृपक्ष, देवघरावरची बाथरूम हे सगळं खरं होतं, पण ते सगळं एका दाराला लावलेलं सामान होतं. दारामागे एक माणूस उकडलेला सुरण खात बसला होता.

हे असंच चाललं असतं. पण मधे विनय आला.

विनय मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत. नुकताच पन्नास पूर्ण झालेला, आयुष्यात सर्दीखेरीज आजार माहीत नाही. त्याने आणि त्याच्या बायकोने, रश्मीने, तिथेच नवं घर घेतलं होतं आणि दसऱ्याला वास्तुशांत ठरली होती. त्यासंबंधी रोज दोघांचे मेसेज चालू असत. केळीचे खांब साउथॉलच्या देशी बाजारातून आणू का, होम कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, चालेल का. पितृपक्षाच्या दुसऱ्या आठवड्यात एक मेसेज आला: गुरुजी, घरातलं एक काम पेंडिंग आहे, रश्मी मागे लागलीये, पण पितृपक्षात नको ना?

शशिधर डबा खात होता. बॉयलर असेल, नाहीतर स्वयंपाकघरातल्या फरशा, असं त्याला वाटलं. त्याने एका हाताने लिहिलं, नवीन काही नको, घटस्थापनेनंतर बघ. विनयने लगेच हात जोडलेलं चित्र पाठवलं. इतक्या लगेच कुणी शशिधरचं ऐकत नसे, पण त्याला शंका आली नाही.

संध्याकाळी सुहासिनी पोळ्या करत होती आणि फोन स्पीकरवर होता. रश्मीचा फोन. इकडचं तिकडचं काही न बोलता तिने विचारलं, “सुहासिनीताई, कॅन्सरची टेस्ट पितृपक्षात करू नको असं गुरुजींनी विनयला सांगितलंय का?”

शशिधर टेबलावर ताटं मांडत होता. त्याच्या हातातलं ताट हातातच राहिलं. रश्मी सांगत होती, विनयने मेसेज फ्रिजवर लावायचा तेवढा बाकी ठेवलाय. महिनाभर मी त्याच्यामागे आहे, तो टाळतोय, आणि आता त्याला शास्त्राधार मिळाला. गुरुजींनी सांगितलंय, म्हणतो. घटस्थापना झाली की म्हणेल दसरा होऊ दे, मग दिवाळी होऊ दे.

सुहासिनीने तव्यावरची पोळी उलटली. मग शांतपणे म्हणाली, “आमच्या गुरुजींचं स्वतःचं अजून गॅरेजमध्ये आहे. समिधांच्या मागे.”

म्हणजे तिला जागाही माहीत होती.

मग रश्मी म्हणाली, “मग झालंच. आता गुरुजींनी केल्याशिवाय विनय हात लावणार नाही.” आणि थोडं थांबून, “सॉरी हं गुरुजी, तुम्ही ऐकत असाल तर.”

फोन बंद झाल्यावर शशिधरने सांगायचा प्रयत्न केला की त्याला बॉयलर वाटला होता. सुहासिनीने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसावेत तसे कुर्त्याला पुसले.

“अण्णा कशाने गेले, शशी?”

“पोटाचं झालं.”

“पोटाचं म्हणजे?”

त्याने ताट टेबलावर ठेवलं.

“लग्नानंतर पहिल्यांदा मी सुरण केला, तेव्हा तू पानावरून उठलास. तेव्हाच मी ओळखलं. तू सांगशील म्हणून इतकी वर्षं थांबले, ते माझं चुकलं. तू तिथ्या बघत नाहीयेस, तिथ्यांच्या मागे लपतोयस. आणि आता दुसऱ्यालाही तिथे जागा करून दिलीस.”

“त्यात निघालं तर?”

“निघालं तर लवकर निघेल. अण्णांचं उशिरा निघालं. तेवढाच फरक आहे, आणि सगळा फरक तोच आहे.”

तिने हे भूल देण्याआधी रोग्याशी बोलावं तशा आवाजात सांगितलं, आणि मग पुन्हा गॅस लावला, कारण पोळ्या व्हायच्या होत्या.

जेवण झाल्यावर शशिधर गॅरेजमध्ये गेला. खोकं सरकवलं. किट तिथेच होतं, पाकिटावर पळसाच्या सालीचा भुगा पडलेला. त्याने सवयीने तिथी आठवली. उद्या दशमी. अण्णांची तिथी. उद्या सकाळी श्राद्ध होतं. तांदूळ, तीळ, दर्भ सगळं काढून ठेवलं होतं. पितृपक्षात नवीन काही करायचं नाही हे त्याने शेकडो लोकांना सांगितलं होतं. पण हे नवीन कुठे होतं? हे मिरजेत सुरू झालेलं, अर्धवट राहिलेलं जुनं काम होतं. ते पुरं करायला पितृपक्षाइतका चांगला काळ कुठला?

तिथेच उभ्या उभ्या त्याने विनयला लिहिलं. माझं चुकलं. त्या कामाला पंचांग लागत नाही. मी उद्या सकाळी करतोय, तूही कर.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: किती वाजता, गुरुजी?

आयुष्यभर लोकांना वेळ काढून दिलेल्या शशिधरने थोडा विचार करून लिहिलं, ते आपल्या हातात नाही. होईल तेव्हा.

सकाळी वेगळीच अडचण निघाली. नमुना पाण्यात पडता कामा नये, म्हणजे झेलायला काहीतरी हवं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, घरातलं स्वच्छ, रिकामं भांडं चालेल. गॅरेजात द्रोणांची चळत होती, पण तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली. मग त्याला सिंकखालचं कपाट आठवलं. सुहासिनी दह्याचे रिकामे डबे धुऊन जपून ठेवायची. त्या घरातल्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असे: आमटी, चटणी, भिजवलेले मूग. त्याने मोठ्यातला एक उचलला आणि चोरासारखा वर गेला. जिन्यात कस्तुरी भेटली. तिने डब्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि शिक्षिकेला शोभेल अशा गंभीर चेहऱ्याने अंगठा वर केला.

बाकीचं खरंच दात घासण्याइतकं निघालं. काडी लावली, बाटलीत खुपसली, टोपण दाबलं. बाटलीवर तारीख घालायची जागा होती, पाकिटावर त्याचं नाव छापलेलं. पेन हातात धरून तो क्षणभर थांबला. संकल्पातही हेच तर सांगतात. कोण, कुठे, केव्हा. नर्मदेच्या दक्षिण तीरापासून थेम्सच्या दक्षिण तीरापर्यंत त्याने हजार वेळा ते म्हटलं होतं, दुसऱ्यांसाठी. त्याने तारीख घातली.

मग अंघोळ केली, सोवळं नेसला आणि खाली येऊन श्राद्ध केलं. तीळ आणि पाणी अंगठ्यावरून सोडताना अण्णांचं नाव घेतलं. दरवर्षी ते नाव घेताना त्याला हॉस्पिटलातली खाट दिसायची. या वेळी अण्णा पोस्टाच्या खिडकीमागे दिसले, पाकिटावर शिक्का मारताना. पान परसात ठेवलं, त्यावर पहिल्यांदा खार आली, तिला हाकलल्यावर कावळा. सगळं आटोपल्यावर सोवळं सोडून, पँट घालून तो कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेला आणि पाकीट आत टाकलं. ते आत पडल्याचा आवाज फारच लहान होता.

दोन आठवड्यांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्याचं उत्तर आलं. पुढच्या तपासणीला बोलावलं होतं. नमुन्यात रक्त सापडलं होतं. याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही, शंभरातल्या दोघांना असं बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकांना तो नसतो, असं सुहासिनीने सांगितलं. तेच त्या पत्रातही होतं. शशिधरने दोन्ही ठिकाणी ते वाक्य समजून घेतलं आणि दोन्ही ठिकाणी ते त्याच्या पोटात उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेडनहेडला वास्तुशांत. अलार्मना शॉवर कॅप चढल्या, होम पेटला, विनय आणि रश्मी धुराने डोळे पुसत आहुत्या देत राहिले. शशिधरचा आवाज नेहमीसारखा चालला. जेवणाच्या वेळी सुहासिनीने घरून आणलेली चटणी आणि कोशिंबीर मांडली. दह्याच्या डब्यांतून. टेबलाभोवती सगळे जमले होते, पण त्या डब्यांकडे कुणाचा हात जाईना. रश्मी कपाटात काहीतरी शोधायला लागली. तेव्हा सुहासिनीला उमगलं की तिने रश्मीला विश्वासाने सांगितलेली किटाच्या डब्याची गोष्ट मेडनहेडभर झालेली आहे.

“तो डबा त्याच दिवशी बिनमध्ये गेला,” ती म्हणाली. “जेवा निमूट.”

जे हसू फुटलं ते होमाच्या धुराइतकं घरभर झालं. त्यात विनय उठला. त्याने आपल्या किटाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली: गुरुजींनी आधी पितृपक्ष घातला, मग काढला, आणि मुहूर्त विचारला तर म्हणाले, होईल तेव्हा. आपलं उत्तर आलं, सगळं स्वच्छ, आता दोन वर्षं बघायला नको. “गुरुजी, तुमचंही आलंच असेल की. क्लिअर ना?”

शशिधरच्या हातात वाटी होती. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर जेवण हसतखेळत पार पडलं असतं, आणि ‘पोटाचं झालं’ हे आणखी एका घरात सुरू झालं असतं. सुहासिनी त्याच्याकडे बघत नव्हती. बघायचं नाही असं ठरवून ती भात वाढत होती.

“माझं नाही,” तो म्हणाला. “रक्त सापडलंय. कॅमेऱ्याने तपासायला बोलावलंय.” आणि कुणी काही बोलायच्या आत, कारण एकदा तोंड उघडल्यावर थांबायची त्याला सवय नव्हती, त्याने पुढचंही सांगून टाकलं. “माझे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले. आम्ही मूळव्याध म्हणत बसलो. मला काही त्रास नाही, आजही नाही. किट केलं नसतं तर कळलंही नसतं.”

विनय उभाच होता, बसायचं कसं हे विसरल्यासारखा. मग हळूहळू वाढप पुन्हा सुरू झालं. पण जेवण झाल्यावर गंमत झाली. शशिधर हॉलमध्ये बूट घालत होता तेव्हा एक गृहस्थ शेजारी वाकले, लेस आधीच बांधलेली असताना, आणि हळूच म्हणाले की त्यांचंही एक पाकीट मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यांच्यामागून एक बाई आल्या; त्यांचं मागच्या वर्षीचं, त्यांनी फेकलं होतं, आता काय करायचं? पुन्हा मागवता येतं, फोन करा, शशिधरने सांगितलं. मुहूर्तासाठीही त्याला कधी इतक्या लोकांनी कोपऱ्यात गाठलं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या तपासणीआधी एका नर्सने फोनवर सगळं समजावलं. आदल्या दिवशी पांढरा भात, पांढरा ब्रेड, डाळ नको, भाज्या नकोत, दाणे नकोत. शशिधर जरा तोऱ्यात होता. आपल्याला उपवासाची सवय आहे, असं त्याने तिला ऐकवलं आणि साबुदाणा चालेल का विचारलं. ती बिचारी कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, चालेल. दाण्याचं कूट? ते काय असतं ते ऐकल्यावर म्हणाली, अजिबात नाही. कुटाशिवायची खिचडी खाल्ल्यावर, आणि त्यानंतरचं औषध पाण्यात कालवून प्यायल्यावर, शशिधरचा उपवासाचा तोरा उतरला. त्या संध्याकाळी घरातली वरची बाथरूम त्याच्या एकट्याची होती. देवघराच्या डोक्यावर ती येते, हा मुद्दा त्याने पुन्हा कधी काढला नाही.

तपासणी म्हणून त्याने मनात जे जे रंगवलं होतं, त्यातलं काहीच झालं नाही. हलकं गुंगीचं औषध होतं. दुखलं नाही, थोडं फुगल्यासारखं वाटलं. तो कुशीवर होता आणि समोर पडद्यावर त्याचंच आत दिसत होतं, गुलाबी, ओलं, वळणावळणाचं. एखाद्या बोगद्यातून रिकामी ट्राम सावकाश चाललेली असावी तसा कॅमेरा चालला होता. हे अण्णांना कुणी दाखवलं नाही, त्याच्या मनात आलं. त्यांच्या आत काय आहे हे त्यांच्याखेरीज सगळ्यांनी ठरवलं, आणि सगळ्यांनी चूक ठरवलं. एका वळणावर कॅमेरा थांबला. देठावर उगवलेल्या छोट्या अळंबीसारखं काहीतरी होतं. डॉक्टरांनी तारेचा फास टाकला, अळंबी उडवली. पुढे एक बारकं होतं, तेही काढलं. शशिधरला काही कळलं नाही. केस कापताना कळतं तेवढंही नाही.

न्यायला कस्तुरी आली होती. गाडीत तिने विचारलं, “बाबा, भीती वाटला?”

“वाटली,” तो म्हणाला. एरवी तो तिचं व्याकरण सुधारे तसा नव्हे. त्याला ते सांगायचंच होतं.

दिवाळीच्या आठवड्यात फोन आला. कॅन्सर नव्हता. पण मोठी गाठ जी होती, ती तशीच राहिली असती तर काही वर्षांत तिचा कॅन्सर होऊ शकला असता, अशा जातीची होती. आता ती नाही. पुन्हा कधी तपासायचं ते आम्ही कळवू. घरात कुणाला असा आजार होता का? होता, शशिधर म्हणाला, वडिलांना. मग भावंडांनाही डॉक्टरांशी बोलायला सांगा.

भाऊ पुण्यात होता, पुष्कर, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. शशिधरने लगेच फोन लावला. पुष्करला आधी वाटलं, दिवाळीच्या शुभेच्छा. मग त्याने सगळं ऐकून घेतलं. तिथे पोस्टाने काही येत नाही, तूच उठून डॉक्टरकडे जायचंस, शशिधरने बजावलं.

“म्हणजे दादा,” पुष्करने विचारलं, “अण्णांचं तेच होतं?”

“तेच होतं. कॅन्सर होता.”

“मला वाटायचंच,” पुष्कर म्हणाला. आणि इतक्या वर्षांनी दोघे भाऊ अण्णांबद्दल बोलायला लागले, ते आजारापाशी न थांबता त्यांच्या सायकलपर्यंत, त्यांच्या तपकिरीच्या डबीपर्यंत, ते पाटावर बसून चुकीचा श्लोक ठणकावून म्हणत तिथपर्यंत गेले.

शनिवारी शशिधर एकटाच लंडन रोडवर बाजाराला गेला. परत आला तेव्हा पिशवीत नेहमीचं सामान होतं, आणि तळाशी मातीने भरलेला, हत्तीच्या पायासारखा एक तुकडा. सुहासिनीने पिशवी रिकामी करताना तो हातात घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं.

“हा कशाला?”

“भाजी कर,” तो म्हणाला. “औषध नाही, भाजी. चिंच जरा जास्त घाल, घशाला खाजतो.”

ती चिरायला बसली. तो समोर बसून लसूण सोलायला लागला. तेवढ्यात फोन वाजला. मेडनहेडहून, त्या बूटवाल्या गृहस्थांचा. सोमवारी एकादशी आहे ना गुरुजी, ते पाकीट सोमवारी केलं तर चालेल का?

शशिधरने हातातली पाकळी सोलून बाजूला ठेवली. “सोमवारी कशाला?” तो म्हणाला. “उद्या सकाळचा चहा झाला की बघा.”